ऐंशी लाखांचं घर, खिशातून किती आणि कधी? ठाणे-नवी मुंबईत पहिलं घर घेताना

गेल्या वर्षी माझ्या मामेबहिणीचा फोन आला. "दादा, कासारवडवलीला टू-बीएचके बघितलाय. ऐंशी लाख. वीस टक्के आपले, म्हणजे सोळा लाख. ते साठलेत. रविवारी टोकन देऊ ना?" मी म्हटलं, रविवारी टोकन नको, वही घेऊन घरी ये. नवऱ्यालाही आण.

त्या रविवारी दुपारी वहीत जी बेरीज झाली ती एकोणतीस लाखांच्या जवळ गेली. सोळा नव्हे, एकोणतीस. त्यातले साडेबावीस लाखांहून जास्त तर बँकेचा पहिला रुपया सुटायच्या आत लागणार होते. बहुतेक जण अडकतात ते इथेच. खर्चाची यादी कुणीही देतो, पण कुठला पैसा आधी लागतो हे ना ब्रोशरमध्ये असतं, ना ईएमआय कॅल्क्युलेटरवर. म्हणून हा लेख त्या वहीच्याच क्रमाने लिहितो.

आधी हद्द बघा, मग दर

मुद्रांक शुल्क, म्हणजे आपली स्टॅम्प ड्युटी, हा सगळ्यात मोठा वरखर्च. महाराष्ट्रात मूळ दर ५%. महापालिका हद्दीत त्यावर १% स्थानिक संस्थेचा अधिभार, आणि मेट्रोसारख्या वाहतूक प्रकल्पांसाठी आणखी १%. हा दुसरा अधिभार १ एप्रिल २०२२ पासून पुन्हा लागू झाला. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीत मिळून ७% होतात. मेट्रोत बसा न बसा, सेस भरावाच लागतो.

पण "नवी मुंबई" हा शब्द जाहिरातीत फार लांबवर ताणला जातो. ऐरोली, घणसोली, वाशी, नेरूळ, बेलापूर हे नवी मुंबई महापालिकेत आणि ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, कळंबोली पनवेल महापालिकेत, तेही रायगड जिल्ह्यात. उलवे या दोन्ही महापालिकांच्या बाहेर. अधिभार हद्दीवर ठरतो, म्हणून विमानतळाचं नाव सांगून घर विकणाऱ्याला पहिला प्रश्न विचारायचा तो "विमानतळ किती मिनिटांवर" हा नाही, तर "करारनाम्यात गाव कुठलं आणि हद्द कुणाची" हा. ते कळलं की नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरच्या मुद्रांक शुल्क गणकात रक्कम स्वतः काढून बघा. बिल्डरच्या कॉस्ट शीटवर विसंबू नका.

नातेवाइकांच्या आकड्यांवरही विसंबू नका. "आम्ही तर तीनच टक्के भरले" असं सांगणारा काका प्रत्येक घरात असतो. तो खोटं बोलत नाही. कोविडच्या काळात, सप्टेंबर २०२० ते मार्च २०२१, राज्याने शुल्क तात्पुरतं कमी केलं होतं आणि काकांनी तेव्हा घर घेतलं. ती सवलत संपून आता बरीच वर्षं झाली.

नोंदणी शुल्क वेगळं. तेही १%, पण कमाल ३०,००० रुपये. म्हणजे तीस लाखांच्या वरच्या कुठल्याही घराला सरळ तीस हजार धरा. शिवाय दस्ताच्या पानांवर हाताळणी शुल्क असतं. रक्कम किरकोळ, पण करारनामा शंभर-दीडशे पानांचा असला की तीही जाणवते.

स्टॅम्प ड्युटी कुठल्या किमतीवर?

करारनाम्यातली किंमत आणि सरकारी रेडी रेकनरप्रमाणे, म्हणजे सरकारने भागवार ठरवलेल्या दरांप्रमाणे, निघणारी किंमत, यात जी जास्त तिच्यावर. रेकनरचे दर १ एप्रिल २०२५ ला वाढले. करार ८० लाखांचा आणि रेकनरचं मूल्य ८४ लाख निघालं, तर ७% चौऱ्याऐंशीवर, म्हणजे ५,८८,०००. अठ्ठावीस हजार जास्त गेले, एवढंच.

खरी भानगड फरक मोठा असला तर होते. समजा करार ८० चा आणि रेकनर ९० चा. फरक दहा लाखांचा, करारमूल्याच्या १०% हून जास्त. मग आयकर कायदा हे पूर्ण दहा लाख घेणाऱ्याचं "इतर उत्पन्न" मानतो आणि त्यावर तुमच्या स्लॅबने कर लागतो. पुनर्विक्रीत "कागदावर थोडं कमी दाखवू, स्टॅम्प ड्युटी वाचेल" असं सुचवणारे भेटतात, त्यांना हे ऐकवा. आणि वरचे पैसे रोखीत द्यायची गोष्ट निघालीच, तर स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याला मान्य नाही, आणि दंड तेवढ्याच रकमेचा असतो. त्या रोखीवर कर्जही मिळत नाही, पुढे घर विकताना ती खरेदी किमतीतही धरता येत नाही.

महिलांची सवलत: पहिलं घर म्हणून काही मिळत नाही, बाई म्हणून मिळतं

बहिणीचा पुढचा प्रश्न हाच होता. पहिल्यांदा घर घेणाऱ्याला स्टॅम्प ड्युटीत सूट असते ना? महाराष्ट्रात अशी सरसकट सूट नाही. आहे ती महिला खरेदीदारांना निवासी घरासाठी १% सवलत, १ एप्रिल २०२१ पासून. घेणाऱ्या सगळ्या महिलाच असल्या पाहिजेत. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं की सवलत गेली. पूर्वी अट होती की असं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही. ती अट २०२३ मध्ये काढली, त्यामुळे आता हात बांधलेले राहत नाहीत.

ऐंशी लाखांवर एक टक्का म्हणजे ऐंशी हजार. छान रक्कम आहे. पण मालकीत नाव नसलेल्या नवऱ्याला, तो हप्ता भरत असला तरी, कर्जाच्या व्याजाची आयकर वजावट मिळत नाही. बँक त्याला सहकर्जदार करून घेईल, आयकर खातं मालक मानणार नाही. तो जुन्या कररचनेत असेल तर हिशोब करून बघा. नव्या कररचनेत असेल तर गमावण्यासारखं त्याच्याकडे काही नाहीच (त्याचं कारण पुढे येतंय). माझी बहीण-मेहुणे दोघंही नव्या रचनेतले. घर एकटीच्या नावावर घ्यायचं ठरवायला त्यांना पाच मिनिटं लागली, सासूबाईंना पटवायला दोन आठवडे.

पुढच्या हिशोबात मात्र मी ७% च धरतोय, म्हणजे तो सगळ्यांना लागू पडेल.

जीएसटी: ओसी आहे की नाही

भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, मिळालेल्या तयार घराला जीएसटी नाही. पुनर्विक्रीच्या घरालाही नाही. बांधकाम चालू असलेल्या घराला ५%. आमच्या उदाहरणात चार लाख.

काही जण शक्कल लढवतात: आता थोडे पैसे देऊन घर धरून ठेवू, ओसी आली की बाकीचे देऊ, जीएसटी वाचेल. वाचत नाही. सूट मिळायला पूर्ण मोबदला ओसीनंतर दिलेला असावा लागतो. आधी काही दिलंत तर करपात्र व्यवहार झाला.

परवडणाऱ्या घरांना १% दर आहे. त्याच्या दोन अटी: एकूण किंमत ४५ लाखांच्या आत आणि चटई क्षेत्र ६० चौरस मीटरच्या आत, म्हणजे साधारण ६४५ चौरस फूट. देशात इतरत्र ९० चौरस मीटरची मुभा आहे, पण संपूर्ण मुंबई महानगर प्रदेश "मेट्रो" धरला जातो, त्यामुळे ठाणं असो, शिळफाटा असो की तळोजा, आपल्याला साठच. किमतीत पार्किंग आणि मजला वाढीचे पैसेही मोजतात. समजा घर साडेचव्वेचाळीस लाखांचं, १% ने जीएसटी ४४,५०० रुपये. त्यात दीड लाखाचं पार्किंग जोडलं की झाले ४६ लाख, दर ५%, जीएसटी २,३०,०००. दीड लाखाच्या पार्किंगने कर पावणेदोन लाखांहून जास्त वाढवला! अशा काठावरच्या किमतीत टोकन देण्याआधी पूर्ण कॉस्ट शीट लेखी मागून घ्या.

पार्किंगवरून आठवलं, उघडं पार्किंग बिल्डरला विकता येत नाही, ती सामाईक जागा आहे. बंदिस्त पार्किंगचे पैसे घेत असतील तर त्याचा क्रमांक आणि जागा करारनाम्यात आली पाहिजे.

बँक काय देते आणि काय देत नाही

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तीस लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९०% पर्यंत, तीस ते पंचाहत्तर लाखांच्या कर्जाला ८०%, त्यावर ७५%. बहिणीला म्हणून जास्तीत जास्त ६४ लाख. इथवर तिचं गणित बरोबर होतं.

तिला ठाऊक नव्हतं ते असं की, ही "घराची किंमत" धरताना स्टॅम्प ड्युटी, नोंदणी आणि कागदपत्रांचा खर्च बँकेने वगळायचा असतो. दहा लाखांपर्यंतच्या घरांना अपवाद आहे, पण ठाण्यात दहा लाखांत घर कुठलं! म्हणजे स्टॅम्प ड्युटीचा रुपयान् रुपया तुमच्या खिशातून. जीएसटी काही बँका किमतीत धरतात, काही धरत नाहीत. मंजुरीपत्र घेण्याआधी हे लेखी विचारा, कारण चार लाखांचा ८०% म्हणजे तीन लाख वीस हजारांचा फरक आहे.

कर्जाचे स्वतःचेही खर्च आहेत. प्रोसेसिंग फी आणि तिच्यावर १८% जीएसटी. वकिलाचा शोध अहवाल आणि मूल्यांकन, ते फीमध्येच आहे की वेगळं ते विचारा. मग गहाणखताचं मुद्रांक शुल्क, कर्जरकमेच्या ०.३%. चौसष्ट लाखांवर १९,२००. हे बऱ्याच जणांना कर्ज सुटायच्या दिवशी कळतं. त्यानंतर "नोटीस ऑफ इंटिमेशन" तीस दिवसांत दाखल करावी लागते, बँकेकडे कागद जमा केल्याची ती सरकारदरबारी नोंद. बँकेचा माणूस ती करून देतो, पण तारखेवर तुमचं लक्ष असू द्या.

कर्जाबरोबर विमा पॉलिसी गळ्यात मारतात. सक्तीची नसते. मुदतीचा विमा वेगळा आणि स्वतः निवडून घ्या असं माझं मत. आणि सगळे खर्च एका कागदावर मांडलेलं "की फॅक्ट स्टेटमेंट" मागा, ते देणं आता बँकेला बंधनकारक आहे. फ्लोटिंग दराचं गृहकर्ज मुदतीआधी फेडलं तर व्यक्तीला दंड लागत नाही, हेही लक्षात असू द्या. बोनस आला की उपयोगी पडतं.

वहीतली बेरीज, पैसे लागतात त्या क्रमाने

बिल्डरांच्या व्यवहारांवर नियम घालणाऱ्या रेरा कायद्याप्रमाणे नोंदणीकृत करारनाम्याशिवाय बिल्डरला १०% हून जास्त रक्कम घेता येत नाही. ही तुमची ढाल आहे. वापरा. ऐंशी लाखांच्या घरात करारनामा नोंदवेपर्यंत आठ लाख, त्यापलीकडे एक पै नाही.

तर पहिला टप्पा बुकिंगपासून १०% पर्यंत: आठ लाख आणि त्यावरचा जीएसटी चाळीस हजार. लगेच दुसरा टप्पा करारनाम्याचा: स्टॅम्प ड्युटी ५,६०,००० आणि नोंदणी ३०,०००. हे पैसे बँक देत नाही आणि हे भरून करार नोंदवल्याशिवाय बँक कर्जही सोडत नाही, म्हणजे दोन्हीकडून कोंडी. तिसरा टप्पा तुमचा उरलेला वाटा: आणखी आठ लाख, जीएसटी चाळीस हजार. बँका बहुधा तुमचा वाटा पूर्ण भरलेला बघतात आणि मगच स्वतःचा हप्ता सोडतात. इथपर्यंत बेरीज २२,७०,०००. बँकेचा एकही रुपया अजून आलेला नाही.

चौथा टप्पा कर्जाचा: गहाणखत १९,२००, प्रोसेसिंग फी ०.३५% धरली तर करासह २६,४३२. पाचवा बांधकामाच्या प्रत्येक मजल्याबरोबर: बँकेच्या चौसष्ट लाखांवरचा जीएसटी ३,२०,०००, थोडाथोडा. आणि सहावा ताब्याच्या वेळी, जिथे बिल्डरचे "इतर आकार" बाहेर येतात. दोन वर्षांचा आगाऊ देखभाल खर्च, ६५० चौरस फुटांना महिना सहा रुपये दराने धरला तर ९३,६००, त्यावर १८% जीएसटी, म्हणजे १,१०,४४८. सोसायटी स्थापना, वीज मीटर, गॅस जोडणी, क्लब हाउस, वकील फी मिळून आम्ही दीड लाख धरले. एकूण २८,९६,०८०. ट्रॉली, पंखे, खिडक्यांच्या जाळ्या अजून यात नाहीत.

हे आकडे माझ्या बहिणीचे. तुमचे वेगळे येतील, पण टप्पे हेच असतील. बांधकाम चालू असताना तुम्ही भाड्याने राहत असाल तर घरभाडं आणि प्री-ईएमआय (ताब्याआधी बँकेला जाणारं नुसतं व्याज) एकाच महिन्यात जातात, तो स्तंभही वहीत आखा. बहिणीने शेवटी टोकन तीन महिने पुढे ढकललं आणि मुदत ठेव मोडण्याऐवजी मुदत संपेपर्यंत थांबली.

करारनामा आणि नोंदणीचा दिवस

महारेराच्या, म्हणजे राज्यात रेरा कायदा राबवणाऱ्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक टाकून ताब्याची जाहीर केलेली तारीख, मंजूर नकाशे, चालू खटले आणि प्रकल्पावरचं कर्ज बघा. विक्रेता तोंडी सांगतो ती ताब्याची तारीख आणि महारेरावरची तारीख यात वर्ष-दोन वर्षांचा फरक असू शकतो. कायद्याच्या दृष्टीने उशीर मोजायचा तो करारनाम्यातल्या तारखेपासून, म्हणून ती कोरी किंवा मोघम ठेवू देऊ नका.

मसुदा छापण्याआधी ईमेलवर मागवा आणि शांतपणे वाचा. पॅनवर आहे तसंच नावाचं स्पेलिंग, सदनिका क्रमांक, विंग, मजला, चौरस मीटरमधलं चटई क्षेत्र, पार्किंग. मी माझं घर घेतलं तेव्हा करारनाम्यात विंग "ए" ऐवजी "बी" छापून आली होती आणि ती चूक सही झाल्यावर दिसली. चूक दुरुस्ती पत्र करायला पुन्हा सगळ्यांनी निबंधकाकडे जायचं. बिल्डरचा सहीचा माणूस मिळवायला मला चार महिने लागले.

पैसे "ग्रास" या सरकारी प्रणालीवर ई-चलनाने भरायचे. बिल्डरचा माणूस भरून देतो म्हणाला तरी चलनावर नाव तुमचं आणि रक्कम बरोबर आहे हे बघून घ्या. नव्या प्रकल्पांत बऱ्याचदा बिल्डरच्या कार्यालयातच ई-नोंदणी होते, नाहीतर दुय्यम निबंधक कार्यालय. मूळ पॅन, आधार, दोन ओळखीचे साक्षीदार. बोटांचे ठसे, फोटो, सही. अर्धा दिवस धरा, डबा न्या. नोंदणीनंतर सूची दोन, म्हणजे इंडेक्स टू हा नोंदणीचा सरकारी उतारा, संकेतस्थळावरून उतरवून घ्या.

पुढे बिल्डरने ताबाच दिला नाही आणि करार रद्द करावा लागला, तर भरलेली स्टॅम्प ड्युटी परत मागता येते. रद्दलेख नोंदणीकृत हवा आणि त्याच्या नोंदणीपासून सहा महिन्यांत अर्ज. लोक बिल्डरकडून मुद्दल सोडवण्यात इतके गुंततात की ही मुदत निघून जाते.

टीडीएस: खर्च नाही, पण चुकलात तर दंड तुम्हाला

किंमत किंवा रेकनरचं मूल्य पन्नास लाख किंवा त्याहून जास्त असेल तर विक्रेत्याला देताना १% कर (हाच टीडीएस) कापून सरकारजमा करायची जबाबदारी घेणाऱ्याची. ऐंशी लाखांवर ऐंशी हजार, पण हे विक्रेत्याच्याच पैशातून. प्रत्येक हप्त्यावर कापायचं. ज्या महिन्यात कापलं तो महिना संपल्यापासून तीस दिवसांत आयकर पोर्टलवर भरायचं. जुना फॉर्म २६क्यूबी म्हणून प्रसिद्ध होता. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत. या लेखात मी लोकांच्या तोंडी असलेले जुनेच क्रमांक वापरतोय. फॉर्म उशिरा भरला तर दिवसाला दोनशे रुपये, व्याज वेगळं.

दोन घेणारे असतील तर दोघांचे फॉर्म वेगवेगळे. विक्रेते दोन असतील आणि प्रत्येकाचा वाटा पन्नास लाखांच्या आत असेल, तरी मर्यादा आता एकूण रकमेवर मोजतात. विक्रेत्याचं पॅन आधारशी जोडलेलं नसेल तर १% ऐवजी २०% कापावं लागू शकतं, म्हणून टोकनच्या दिवशीच त्याची स्थिती तपासा. बँक हप्ता पूर्ण सोडते, त्यामुळे टीडीएस तुमच्या वाट्यातून वळता करायची सोय आधीच बँकेशी आणि बिल्डरशी बोलून ठेवा.

विक्रेता दुबईत किंवा अमेरिकेत स्थायिक असेल तर १% चा नियम लागूच होत नाही. तिथे दर बराच जास्त आहे. हा व्यवहार सीएशिवाय करू नका, एवढंच सांगतो.

पुनर्विक्रीचं घर असेल तर

नौपाडा, पाचपाखाडी, वाशीतली जुनी घरं घेताना जीएसटी वाचतो, पण दलाली येते. बहुधा एक ते दोन टक्के. हा बोलाफुलाचा आकडा आहे, आधी ठरवा. पहिल्या मालकापासूनची सगळी मूळ करारपत्रं, त्यांच्या नोंदणी पावत्या आणि शेअर सर्टिफिकेट हवं. साखळीतली एक कडी नसेल तर बँक अडते.

सोसायटी हस्तांतरणाच्या नावाखाली लाखाची "देणगी" मागते तेव्हा ९ ऑगस्ट २००१ चा शासन निर्णय दाखवा. महापालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्य कमाल २५,००० रुपये. वर हस्तांतरण शुल्क ५०० आणि प्रवेश फी १००. त्याच शेजाऱ्यांत राहायचं आहे म्हणून लोक मुकाट्याने देतात. मी दिली नव्हती. पहिल्या गणेशोत्सवात जरा गार वागणूक मिळाली, दुसऱ्या वर्षी मला खजिनदार केलं.

नवी मुंबईत सिडकोची जमीन भाडेपट्ट्यावर असते. तिथे सिडकोची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क कुणी भरायचं हे टोकनच्या कागदावरच लिहा. गावठाणाच्या कडेला, मूळ गावकऱ्यांच्या "गरजेपोटी" बांधलेल्या इमारतींत निम्म्या भावात घर मिळतं. तशी घरं आणि दिव्या-मुंब्र्यातल्या परवानगी नसलेल्या इमारती, दोन्हींना चांगल्या बँका कर्ज देत नाहीत. बँकेचा वकील नाही म्हणाला तर त्याचे आभार माना.

आयकरात खरंच किती वाचतं?

घर विकणारा प्रत्येक जण "कर वाचतो" म्हणतो. जुन्या कररचनेत वाचतो: कलम ८०सी खाली मुद्दल, स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी मिळून दीड लाखांपर्यंत, तेही पीएफ-विम्याच्या त्याच दीड लाखात. कलम २४(ब) खाली राहत्या घराच्या व्याजाचे दोन लाखांपर्यंत. सहमालक आणि सहकर्जदार असलेल्या दोघांना प्रत्येकी. स्टॅम्प ड्युटी ज्या वर्षी भरली त्याच वर्षी दाखवायची, पुढे ढकलता येत नाही. ताबा दूर असेल तर त्याबाबत सीएला विचारा. व्याजाची वजावट ताब्याच्या वर्षापासून. आधीचं व्याज पाच समान भागांत, पण त्याच दोन लाखांच्या आत. कर्ज घेतलेलं आर्थिक वर्ष संपल्यापासून पाच वर्षांत बांधकाम पूर्ण झालं नाही, तर दोन लाखांचे तीस हजार होतात. रखडलेल्या प्रकल्पाची ही दुसरी चपराक.

नव्या रचनेत राहत्या घराला यातलं काही नाही. मग जुनीत राहावं? बहिणीच्या नवऱ्याच्या पगारावर बघू, कारण आकडा सोपा आहे. पगार पंधरा लाख, आर्थिक वर्ष २०२५-२६. घर त्याच्याही नावावर असतं असं धरू. जुन्या रचनेत प्रमाणित वजावट पन्नास हजार, ८०सी दीड लाख, व्याज दोन लाख. करपात्र अकरा लाख, कर उपकरासह १,४८,२००. नव्या रचनेत फक्त पंचाहत्तर हजारांची प्रमाणित वजावट, करपात्र सव्वाचौदा लाख, कर ९७,५००. गृहकर्जाच्या सगळ्या वजावटी घेऊनही जुनी रचना पन्नास हजारांनी महाग! घरभाडं भत्ता मोठा असेल, बांधकाम होईपर्यंत भाड्याने राहत असाल, तर चित्र बदलू शकतं. पण "कर वाचेल" म्हणून ईएमआय वाढवून घेऊ नका.

८०ईई आणि ८०ईईए या जादा वजावटींची नावं अजून फिरतात. ८०ईईए फक्त १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२२ या काळात मंजूर कर्जांना होती, ८०ईई त्याही आधीची. आज कर्ज घेणाऱ्याला दोन्ही नाहीत.

खरी मदत प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० च्या व्याज अनुदानात आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न नऊ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत, आणि देशात कुठेही पक्कं घर नसावं. पहिल्या आठ लाखांच्या कर्जावर ४% व्याज अनुदान, जास्तीत जास्त १.८० लाख, पाच वार्षिक हप्त्यांत. घोडबंदर रोडवर पस्तीस लाखांत काही मिळत नाही, पण बदलापूर, अंबरनाथ, तळोज्याकडे बघत असाल तर कर्ज मंजूर करतानाच बँकेला या योजनेचा अर्ज मागा.

किल्ली हातात आल्यावर

ओसीची प्रत घेतल्याशिवाय ताबापत्रावर सही करू नका. बिल्डर "फिट-आउट पझेशन" म्हणून, म्हणजे आतली कामं करून घ्यायला, किल्ली देतो ती ओसी नव्हे. ओसी नसेल तर पाण्याच्या जोडणीचे प्रश्न येतात. ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर बिल्डरने तीस दिवसांत फुकट दुरुस्त करायचा असतो. गळती दिसली की फोन नको, ईमेल करा, फोटोसकट.

मालमत्ता कराची नोंद आपल्या नावावर करून घ्या, पुनर्विक्रीत महावितरणच्या वीजबिलावरचं नाव बदला, त्याआधी जुन्या मालकाची थकबाकी बघा. ८०सीचा फायदा घेतला असेल तर ताबा मिळालेलं आर्थिक वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत घर विकू नका, नाहीतर घेतलेली वजावट उत्पन्नात परत येते.

आणि मूळ करारनामा बँकेकडे जाण्याआधी प्रत्येक पान स्कॅन करा, मागची बाजूसुद्धा, कारण निबंधकाचे शिक्के तिथेच असतात. बँकेकडून जमा कागदांची यादी सही-शिक्क्यासह घ्या. कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत सगळे कागद परत मिळायला हवेत, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला पाच हजार भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण काय परत यायला हवं हे वीस वर्षांनी सिद्ध करायला ती यादीच लागते. बहिणीने ती यादी देवघराच्या कपाटात, मंगळसूत्राच्या डबीखाली ठेवली आहे.